शाळेतील पेशी आणि पिंपरीतील औषधे



वसंतातील व्याख्यानांना येणाऱ्या श्रोत्यांस इतिहास, संतवाङ्मय, नाटक अशा विषयांची सवय असते. इयत्ता सातवी-आठवीच्या विज्ञानातील एक धडा हाती घेऊन आम्ही येथे उभे राहावे, याचे काहींस नवल वाटले असेल. चालकांनीही आम्हांस विचारलेच, की 'पेशीचे भाग' ऐकावयास मोठी माणसे येतील काय? आम्ही म्हटले, संत तुकाराम नगरात 'पेशी' हा शब्द ठाऊक नाही असे एक घर दाखवा.

पावसाळा सरत आला की डेंग्यूचे दिवस येतात आणि हा शब्द घराघरांत शिरतो. 'पेशी किती झाल्या?' 'काल ऐंशी हजार होत्या, आज पन्नासावर आल्या.' यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयाबाहेर चहाच्या गाडीपाशी त्या दिवसांत घटकाभर उभे राहावे, हेच बोलणे दोन-चार वेळा कानी पडते. बोलणारा भोसरीच्या वर्कशॉपात लेथ चालवणारा असो, नाही तर भाजी विकणारी बाई असो, आकडा सर्वांस तोंडपाठ असतो. आता ज्यांना आपण येथे 'पेशी' म्हणतो त्या वस्तुतः रक्तपट्टिका, आणि रक्तपट्टिका म्हणजे पुरी पेशीसुद्धा नव्हे. हाडांतील मज्जेत मोठमोठ्या पेशी असतात. त्यांचे कपचे सुटून रक्तात येतात, ते हे. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात असे दीड ते साडेचार लाख कपचे असतात. त्यांत केंद्रक नाही, म्हणून एका पट्टिकेपासून दुसरी होत नाही. आठ-दहा दिवस जगावे आणि संपावे, एवढेच त्यांचे आयुष्य. मज्जेने रोज नव्या पाठवल्या तरच पुरवठा टिकतो.

आणि त्याच घरातला आठवीतला मुलगा आतल्या खोलीत डोलत डोलत पाठ करीत असतो: 'केंद्रक, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल, लयकारिका, तंतुकणिका, रिक्तिका, लवके.' बाहेरच्या खोलीत ज्या पेशींची काळजी चालली आहे आणि आतल्या खोलीत ज्या पेशीचे पाठांतर चालले आहे, त्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे हे त्या मुलाला कोणी सांगितलेले नसते. आमचा आजचा विषय एवढाच आहे. या दोन खोल्यांमधले दार उघडावे.

प्रथम तो धडा पाहू. महाराष्ट्राच्या शाळांत सातवीच्या विज्ञानात पेशीची रचना आणि सूक्ष्मजीव हे विषय एकत्र येतात आणि आठवीत पेशी व तिची अंगके सविस्तर येतात. धडे वाईट आहेत असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. आकृत्या स्वच्छ आहेत, भाषा सोपी आहे. गोची परीक्षेत आहे. प्रश्न येतो, 'वनस्पतीपेशीची सुबक आकृती काढून भागांना नावे द्या.' मुले सुबक आकृती काढतात, पट्टीने रेघा ओढतात, नावे लिहितात आणि गुण मिळवतात. एका वर्गात आम्ही गुण मिळवलेल्या मुलांना विचारले, की बाबांनो, यातला हा भाग काढून टाकला तर पेशीचे काय होईल? वर्ग गप्प झाला. एक मुलगी म्हणाली, 'सर, मग आकृतीचा अर्धा गुण जाईल.'

यात त्या मुलीचा दोष नाही. पण आपल्या गावात हे घडावे याचे आम्हांस विशेष वाईट वाटते. ज्या गावी बहुतेक घरांतून कोणी फिटर आहे, कोणी टर्नर आहे, कोणी सुट्या भागांची तपासणी करतो, तेथे एखादा भाग केवळ नावाने कोणी ओळखतो काय? चाकणच्या कारखान्यात नव्या मुलाच्या हाती ड्रॉइंग दिले, तर पहिल्याच दिवशी तो विचारतो: हा कशात बसतो, कशाचा करायचा, मापात किती फरक चालेल, आणि तुटला तर काय बंद पडेल? बापाला कारखान्यात जे प्रश्न सुचतात ते मुलाने वर्गात विचारू नयेत, असा काही नियम नाही.

आता नावांविषयी दोन शब्द. ही नावे अवघड आहेत अशी सर्वांची तक्रार असते. आमच्या मते ती अवघड नाहीत. ती फोडून दाखवलेली नसतात. 'तंतुकणिका' घ्या. तंतु म्हणजे धागा, कणिका म्हणजे बारीक दाणा. कधी धाग्यासारखी, कधी दाण्यासारखी दिसते म्हणून तंतुकणिका. 'मायटोकॉन्ड्रिया' या परभाषेतील नावाचाही अर्थ नेमका हाच आहे. ग्रीकमध्ये मायटोस म्हणजे धागा आणि कॉन्ड्रॉस म्हणजे दाणा. सेमी-इंग्रजीच्या वर्गातील मुलाने मायटोकॉन्ड्रिया म्हणावे आणि मराठी वर्गातील मुलाने तंतुकणिका म्हणावे, दोघेही एकच गोष्ट बोलत असतात. 'लयकारिका' म्हणजे लय करणारी, विरघळवून टाकणारी. एका नावाशी मात्र आमचे भांडण आहे, ते 'रिक्तिका'. रिक्त म्हणजे रिकामे. मुले समजतात की ती पेशीतली रिकामी जागा. ती रिकामी नाहीच. वनस्पतीपेशीचा बहुतेक सारा रस तिच्यातच साठलेला असतो. बिटाचा लाल रंग आणि लाल कांद्याचा जांभळा रंग तिच्यातच असतो.

आणखी एक अडचण आपल्या भागातलीच आहे. उद्योगांमुळे येथे देशाच्या सर्व बाजूंनी माणसे आली. त्यांची मुले मराठी शाळांत बसतात. हिंदीत ज्याला 'कोशिका' म्हणतात ती आपली पेशी, आणि हिंदीत 'पेशी' म्हटले की 'मांसपेशी', म्हणजे आपला स्नायू. कानडी घरातून आलेल्या मुलाला 'जीवकोश' हा शब्द आपला वाटतो. तेव्हा 'स्नायूपेशी' हा शब्द ऐकून बिहारच्या मुलाचा गोंधळ उडाला तर तो मंद आहे असे समजू नये. त्याच्या कानी एकच शब्द दोनदा पडला आहे. शिक्षकाने फळ्यावर तीन भाषांतील तीन शब्द शेजारी शेजारी लिहिले, तर दोन मिनिटांत हा गुंता सुटतो. पेशीला 'कोश' म्हणणाऱ्या भाषांना तर एक फायदाच आहे. इंग्रजीतील मूळ शब्दाचा अर्थ लहानशी खोली असा आहे. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या पातळ कापात ज्या चौकोनी खोल्या पाहिल्या, त्यांवरून तो शब्द रूढ झाला. गंमत अशी की हूकने पाहिल्या त्या खोल्या रिकाम्या होत्या. बूच ही मेलेली साल. आतले सारे नाहीसे होऊन भिंती तेवढ्या उरलेल्या. म्हणजे माणसाला पेशीचा जो भाग सर्वांआधी दिसला तो म्हणजे पेशीभित्तिका. हे लक्षात ठेवा. पुढे याच भिंतीवर आम्हांस बोलावयाचे आहे.

केंद्रकाला नाव मिळाले १८३१ साली, रॉबर्ट ब्राऊनकडून. गॉल्गीने आपले जाळे १८९८ साली दाखवले, आणि ते खरेच आहे की रंग लावल्यामुळे दिसणारा भास आहे यावर पन्नास वर्षे वाद चालला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तो मिटवला. लयकारिकेचे नाव तर १९५५ सालचे. हूकपासून तेथवर २९० वर्षे होतात, आणि आपण ते सारे एका तासात उरकतो. मुलांना धाप लागली तर नवल नाही.

म्हणून आमचा आग्रह असा, की शाळेत पाहता येण्याजोगे भाग आधी पाहावेत आणि न दिसणारे भाग 'हे आम्ही सांगतो आहोत, दाखवीत नाही' असे बजावून सांगावेत. पाहावयास काय लागते? चाकणचा बाजार कांद्यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे कांद्याचा तुटवडा नाही. कांद्याची पाकळी मोडली की आतून एक पारदर्शक पापुद्रा सुटतो. तो पाण्याच्या थेंबात पट्टीवर पसरावा, टिंक्चर आयोडीनचा एक थेंब सोडावा. शाळेच्या साध्या सूक्ष्मदर्शकातून विटांच्या बांधकामासारख्या पेशी दिसतात आणि प्रत्येकीत एक पिवळसर ठिपका. ठिपका म्हणजे केंद्रक. तो बहुधा मधोमध नसतो, कडेला सरकलेला असतो, कारण मधली जागा रिक्तिकेने व्यापलेली असते. तंतुकणिका अशा सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत. हरितलवक शोधू लागलात तर सापडणार नाहीत, आणि येथेच मुलांना विचारावे, की पुस्तकात वनस्पतीपेशीत हरितलवक दाखवले आहे, मग कांद्यात ते का नाही? चार चुकीची उत्तरे येतील, पाचवे बरोबर येईल: कांदा मातीखाली वाढतो, तेथे उजेड नाही. पातीचा तुकडा घ्या, त्यात हिरवे दाणे सापडतील.

याहून चांगला प्रयोग लाल कांद्याच्या पाकळीच्या बाहेरच्या जांभळ्या सालीचा. तिच्यावर मिठाचे कडक पाणी सोडले की काही मिनिटांत आतला जांभळा रंग आक्रसू लागतो. भिंत आहे तेथेच राहते आणि रंगाचा गोळा तिच्यापासून सुटून आत सरकतो. पेशीभित्तिका वेगळी आणि तिच्या आतले प्रद्रव्यपटल वेगळे, हे आकृतीतल्या दोन समांतर रेघांवरून ज्या मुलाला वर्षभर कळत नाही ते त्याला डोळ्यांनी दिसते. पुन्हा साधे पाणी घातले, तर बहुधा रंग परत भिंतीला भिडतो. यात भगिनींना नवे काही वाटणार नाही. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातले तर पाणी सुटते, म्हणून त्या ते वाढावयाच्या वेळी घालतात. कोशिंबिरीचे पाणी म्हणजे रिक्तिकांतून निघालेला रस. स्वयंपाकघरात हे ज्ञान पिढ्यान् पिढ्या आहे. शाळेने त्याला नाव दिले इतकेच.

आपल्या गावात पेशी शिकवताना कारखान्याची उपमा हटकून येते. केंद्रक म्हणजे मुख्य कचेरी, तंतुकणिका म्हणजे वीजघर, गॉल्गी संकुल म्हणजे पॅकिंग आणि डिस्पॅच, प्रद्रव्यपटल म्हणजे गेट, लयकारिका म्हणजे स्क्रॅप यार्ड. उपमा वाईट नाही, मुलांना ती आवडते. पण ती जेथे मोडते तेथेच खरे शिकणे सुरू होते, असा आमचा अनुभव आहे. कोणता कारखाना स्वतःच्या पोटातून आपल्यासारखाच दुसरा कारखाना काढतो? कोणत्या गेटची जाडी इतकी कमी आहे की तशी सव्वा लाख गेटे एकावर एक ठेवली तर एक मिलिमीटर भरावा? आणि वीजघराची गोष्ट तर विलक्षण आहे. तंतुकणिकांत त्यांचा स्वतःचा, केंद्रकाहून निराळा असा थोडासा आनुवंशिक मजकूर असतो, आणि तो आपणांस आईकडून मिळतो. फार पूर्वी त्या स्वतंत्र जीवाणू होत्या आणि दुसऱ्या पेशीत शिरून कायमच्या तेथेच राहिल्या, हे मत लिन मार्ग्युलिस या बाईंनी १९६७ साली मांडले. प्रथम ते कोणी मनावर घेतले नाही. आज ते पाठ्यपुस्तकांत आहे.

कारखान्याची गोष्ट निघालीच आहे, तर उपमेतला सोडून आपल्या दारचा कारखाना पाहू. संत तुकाराम नगरच्या मेट्रो स्थानकातून उतरून नेहरूनगरच्या बाजूला जाणाऱ्यांना हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा परिसर ठाऊक आहे. जुनी मंडळी त्याला नुसते 'एच. ए.' म्हणतात. ही कंपनी १९५४ साली स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे तिला साहाय्य होते, आणि १९५५ साली येथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. सरकारी मालकीचा औषधांचा हा देशातला पहिला कारखाना. पुढील दशकात येथे स्ट्रेप्टोमायसीनही होऊ लागले. नंतर कंपनीला वाईट दिवस आले, ती आजारी उद्योगांत गणली गेली, ती कहाणी निराळी आहे आणि ती सांगणारे आमच्याहून अधिकारी लोक या सभेत बसलेले आहेत. आम्हांस सांगावयाचे आहे ते हे, की ज्या तीन औषधांशी पिंपरीचे नाव जोडलेले आहे ती तिन्ही पेशीच्या तीन निरनिराळ्या भागांवर नेम धरतात. आठवीच्या धड्यासाठी याहून चांगले साहित्य कोणत्या शाळेच्या वेशीपाशी असेल?

पहिले पेनिसिलीन. रोगजंतू म्हणजे जीवाणू, ही एकच पेशी. तिला आपल्या पेशीसारखे पटल असते आणि त्याच्या बाहेर एक भिंत असते. सायकलची ट्यूब आणि टायर डोळ्यांपुढे आणा. ट्यूब म्हणजे पटल, टायर म्हणजे भित्तिका. जीवाणूच्या आत दाब मोठा असतो; टायर आहे म्हणून ट्यूब तग धरते. जीवाणू वाढू लागला, दुभंगू लागला, की त्याला नवी भिंत बांधावी लागते. त्या भिंतीत लांब धागे असतात आणि धाग्यांना आडव्या गाठी मारलेल्या असतात. पेनिसिलीन जाऊन बसते ते त्या गाठी मारणाऱ्या विकरावर, आणि गाठी पडत नाहीत. भिंत कच्ची राहते, पाणी आत शिरत राहते, आणि ट्यूब फुटते. आता प्रश्न असा, की हे औषध माणसाच्या रक्तात फिरते तर माणसाच्या पेशी का फुटत नाहीत? उत्तर आठवीच्या पुस्तकातील तक्त्यात दिलेलेच आहे, 'प्राणिपेशीत पेशीभित्तिका नसते'. हे वाक्य लाखो मुले दरवर्षी एका गुणासाठी लिहितात. त्या वाक्यावर किती माणसांचे प्राण वाचले याचा हिशेब नाही. जो टायर आपल्याकडे नाहीच, त्याला खिळा कसा लागणार? ज्यांना पेनिसिलीनचे वावडे असते त्यांची गोष्ट वेगळी. ती शरीराच्या संरक्षणव्यवस्थेची कुरबुर आहे, भिंतीशी तिचा संबंध नाही.

दुसरे औषध पिंपरीतच सापडले. एच. ए.च्या प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांनी मातीतल्या एका तंतुमय जीवाणूपासून बुरशीवर चालणारे औषध मिळवले. जीवाणूला आपल्या गावावरून 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' असे नाव दिले आणि औषधाला कंपनीच्या आद्याक्षरांवरून 'हॅमायसीन'. जगाच्या शास्त्रीय ग्रंथांत पिंपरीचे नाव असे एका जीवाणूच्या अंगावर नोंदलेले आहे, हे गावातल्या किती मुलांना ठाऊक असेल? हे औषध भिंतीवर नव्हे, प्रद्रव्यपटलावर काम करते. बुरशीच्या पटलात एर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. आपल्या पटलात त्याऐवजी कोलेस्टेरॉल असते. औषध एर्गोस्टेरॉलला चिकटून पटलाला भोके पाडते, आतला ऐवज गळून जातो. परंतु दोन्ही पदार्थ चुलत भावंडे आहेत. फरक थोडा, म्हणून औषधाचा नेमही थोडा चुकू शकतो. या जातीची औषधे पेनिसिलीनहून अधिक जपून वापरावी लागतात, आणि हॅमायसीन मुख्यतः वरून लावावयाचे औषध राहिले, त्याचे मूळ येथे आहे. भिंत आहे आणि भिंत नाही, हा फरक ढळढळीत. पटल आणि पटल यांतला फरक बारीक. सातवीतल्या मुलाला हे कळते. आम्ही पाहिले आहे.

तिसरे स्ट्रेप्टोमायसीन. १९४३ साली अमेरिकेत सापडलेले हे क्षयावरचे पहिले मोठे औषध. क्षयाच्या जंतूची भिंत मेणकट असते, तेथे पेनिसिलीनची डाळ शिजत नाही. स्ट्रेप्टोमायसीन आत जाते आणि रायबोसोमला धरते. रायबोसोम म्हणजे पेशीत प्रथिने जुळवणारे चिमुकले यंत्र. ड्रॉइंगप्रमाणे एकेक सुटा भाग जोडणारे. औषध चिकटले की यंत्र ड्रॉइंग चुकीचे वाचू लागते आणि भलताच माल निघतो. आपल्या पेशीद्रवातील रायबोसोमची घडण निराळी आहे, म्हणून आपण वाचतो. पण मघाशी आम्ही सांगितलेली तंतुकणिकांची गोष्ट आठवा. त्या जर मूळच्या जीवाणू, तर त्यांच्या पोटातले रायबोसोमही जीवाणूंच्याच वळणाचे असणार. तसे ते आहेत. या जातीची इंजेक्शने घेतलेल्या काही रुग्णांची ऐकण्याची शक्ती गेली, हे डॉक्टरांना जुने माहीत होते. पुढे कळले की काही घराण्यांत तंतुकणिकांच्या मजकुरात आईकडून आलेला एक लहानसा बदल असतो, आणि अशा माणसांच्या कानांना हा धोका फार मोठा असतो. म्हणजे आठवीच्या आकृतीतला जो भाग मुले शेंगेसारखा काढून आत नागमोडी रेघ मारतात, त्याचा इतिहास एखाद्या माणसाच्या कानापर्यंत येऊन पोचतो.

हे सारे शाळेत सांगावे काय? सगळे नव्हे. भिंतीची गोष्ट मात्र प्रत्येक मुलाला सांगितलीच पाहिजे, आणि तिचे कारण परीक्षेत नाही, आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यात आहे. सर्दी झाली, घसा खवखवला, अंग मोडून आले की डब्यातली मागच्या खेपेची उरलेली प्रतिजैविकाची गोळी काढावयाची; नसली तर औषधाच्या दुकानातून चार आणावयाच्या; दोन दिवसांत बरे वाटले की उरलेल्या पुन्हा डब्यात. हे आपल्या वस्तीत घडत नाही असे कोणी म्हणू नये. सर्दी विषाणूंमुळे होते. विषाणूला भिंत नाही, पटल बहुधा उसने घेतलेले, रायबोसोम नाही. तो पेशीच नव्हे. मग आपली तिन्ही औषधे त्याचे काय बिघडवणार? ज्या भागावर नेम धरायचा तो भागच तेथे नाही. बिघडते ते आपल्या शरीरात वस्तीला असलेल्या इतर जीवाणूंचे. त्यांतले कच्चे मरतात आणि ज्यांच्याकडे औषध फोडण्याचे विकर असते ते उरतात, वाढतात. असे विकर १९४० सालीच सापडले होते, पेनिसिलीन अजून दवाखान्यांत पोचलेही नव्हते तेव्हा. १९४५ साली नोबेल पारितोषिक घेताना फ्लेमिंग यांनी अपुऱ्या मात्रेविषयी जगाला सावध केले होते. आपल्या सरकारने २०१६ साली पाकिटावरील तांबड्या रेघेकडे लोकांचे लक्ष वेधण्याची मोहीम काढली. ती रेघ असलेली औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नयेत. रेघ सर्वांनी पाहिलेली असते. ती कशासाठी, हे आठवीतला मुलगा घरात सांगू शकला तर आमच्या मते त्याला धडा आला. मग आकृतीत रेघ थोडी वाकडी गेली तरी चालेल.

डेंग्यूचेही तसेच. तो विषाणूचा रोग आहे, त्यावर प्रतिजैविक चालत नाही. रक्ततपासणीचा कागद घरात येतोच, तो मुलाच्या हाती द्यावा. तांबड्या पेशी: केंद्रक नाही, तंतुकणिकाही नाहीत, सारी जागा प्राणवायू वाहण्यासाठी मोकळी केलेली, आयुष्य सुमारे १२० दिवस. पांढऱ्या पेशी: केंद्रक आहे, आणि त्यांच्यातल्या काहींत जंतू गिळून पचवण्यासाठी लयकारिका भरपूर. रक्तपट्टिकांविषयी आरंभी बोललोच. एका कागदावर तीन ओळी, आणि धड्यातले निम्मे भाग त्यांत येऊन जातात. रोग्याच्या उशाशी बसून शिकवावे असे आम्ही म्हणत नाही. घरी आल्यावर, ताप उतरल्यावर.

शिक्षकबंधूंना आमची एक विनंती आहे. प्रश्नपत्रिका काढताना 'भागांना नावे द्या' हा प्रश्न ठेवा, तो काढू नका. नावे आली पाहिजेत. त्याच्या जोडीला एक प्रश्न असा घाला, की हा भाग नसता तर काय अडले असते. त्याची उत्तरे तपासावयास वेळ लागतो, हे आम्हांस ठाऊक आहे. साठ-साठ मुलांच्या वर्गात तो वेळ कोठून आणावा हेही कळत नाही. निदान सहामाहीत एकदा. सूक्ष्मदर्शक कपाटात बंद असतो अशी तक्रार पुष्कळ ठिकाणी ऐकू येते, कारण मोडला तर भरपाई कोणी द्यायची. मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली जगापुढे मांडलेला घडीच्या कागदाचा सूक्ष्मदर्शक अशा भीतीवर बरा उतारा आहे. तो मुलाच्या दप्तरात राहतो, आणि कांद्याची पेशी त्यातूनही दिसते.

पालकांना सांगावयाचे ते थोडे आहे. मुलाने पाठ केलेली नावे म्हणून दाखवली की 'शाबास' म्हणा, आणि कारखान्यात नव्या पोराला विचारता तसे विचारा: हा कशाला लागतो? उत्तर आपल्याला ठाऊक नसले तरी बिघडत नाही. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर यायलाच हवे, अशी अट फक्त शाळेत असते.

मंडपाच्या मागच्या बाजूस टेबलावर दोन सूक्ष्मदर्शक मांडले आहेत. एकाखाली लाल कांद्याची साल साध्या पाण्यात ठेवली आहे, दुसऱ्याखाली मिठाच्या पाण्यात. आधी पहिल्यातून पाहावे, मग दुसऱ्यातून. लहान मुलांना पुढे जाऊ द्यावे, आणि पाहताना कोणी नळीचा चाक फिरवू नये; ती खाली येऊन काचेवर टेकते आणि पट्टी फुटते.